पॅड संपले, मग डिस्क का बदलायची? स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमागचं गणित

रील तुम्हीही पाहिली असेल. रात्रीची वेळ, रेस ट्रॅक, एक कार सुसाट वेगात वळणापाशी येते आणि ब्रेक लागताच चाकाच्या आतली तबकडी निखाऱ्यासारखी केशरी होते. खाली कमेंटमध्ये आगीच्या इमोजींची रांग. दिसायला भारी असतं यात वाद नाही.

पण तीच कार काही महिन्यांनी गॅरेजमध्ये जाते, तेव्हाचा सीन रीलमध्ये येत नाही. मेकॅनिक चाक काढतो, आत टॉर्च मारतो आणि म्हणतो, "साहेब, पॅड गेलेत. डिस्कपण टाकाव्या लागतील." एस्टिमेटचा कागद हातात आला की मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न येतो. झिजलेत पॅड, मग डिस्क कशाला? गॅरेजवाला गंडवतोय का?

कधी कधी गंडवत असतो. पण बऱ्याचदा तो बरोबर असतो. हे ओळखायचं कसं, ते समजायला पॅड आणि डिस्क मिळून नेमकं काय करतात हे बघावं लागेल.

आधी नावांचा घोळ मिटवू

चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. इंटरनेटवर तिलाच रोटर म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये डिस्क किंवा डिस्क प्लेट. वस्तू एकच. या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. स्पोर्ट्स कारच्या चाकातून लाल किंवा पिवळा रंग दिसतो ना, तो कॅलिपरचा. कॅलिपरच्या आत पिस्टन असतात आणि पिस्टनच्या पुढे पॅड. पॅड म्हणजे स्टीलच्या पट्टीवर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. तुम्ही पेडल दाबता, ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात.

आता खरी गोष्ट. ब्रेक गाडीचा वेग "थांबवत" नाही, तो वेगाची उष्णता करतो. पोर्शे 911 सारखी कार ड्रायव्हरसकट साधारण 1500 किलोची धरा. 100 च्या वेगाला तिच्यात सुमारे 580 किलोज्यूल ऊर्जा असते. 200 च्या वेगाला किती? दुप्पट नाही, चौपट. म्हणजे सुमारे 2300 किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळीला येतं. आणि ही उष्णता चार डिस्कना काही सेकंदांत गिळायची असते. ट्रॅकवर तर एका लॅपमध्ये हे पाच-सहा वेळा होतं, तेही मधे थंड व्हायला नीट वेळ न मिळता.

उष्णतेच्या याच दुखण्यामुळे डिस्क ब्रेक मोटारींमध्ये आले. त्याआधी ड्रम ब्रेक होते, म्हणजे बंद डब्यात आतून घासणारे शू. बंद डब्यातली गरमी बाहेर जायला वाटच नाही. 1953 साली फ्रान्समध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वारने आपल्या सी-टाइप कारला डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले. तिथला मुल्सानचा सरळ रस्ता तेव्हा सुमारे सहा किलोमीटर लांब होता आणि त्याच्या शेवटी एकदम हळू वळण. ड्रमवाल्यांना ब्रेक जपत लवकर दाबावा लागायचा, जॅग्वारचे ड्रायव्हर उशिरा दाबायचे. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत जिंकली, जॅग्वारची दुसरी कार दुसरी आली. त्यानंतर ड्रमच्या बाजूने बोलायला फार कोणी उरलं नाही.

मग डिस्क का बदलायची?

पॅड आणि डिस्क एकमेकांना घासत झिजतात. पॅड जास्त झिजतो, डिस्क कमी. पण डिस्कला झिजायला जागाच फार थोडी दिलेली असते आणि ही गोष्ट बहुतेक मालकांना माहीत नसते.

उदाहरण घ्या. 997 पिढीतली पोर्शे 911 कॅरेरा एस. तिची पुढची डिस्क 330 मिमी व्यासाची आणि नवी असताना 34 मिमी जाड. बाद करायची मर्यादा किती? 32 मिमी. म्हणजे एवढ्या जाडजूड तबकडीला झिजायला मिळतात 2 मिमी, प्रत्येक बाजूने एकच मिलिमीटर. बाकी सगळं लोखंड उष्णता साठवायला आणि मजबुतीला आहे. डिस्क पातळ झाली की तीच उष्णता कमी लोखंडात भरावी लागते, म्हणजे ती लवकर तापते आणि तडकायची शक्यता वाढते.

ही मर्यादा गुपित नसते. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेवर "मिन टीएच" अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. म्हणजे किमान जाडी. त्यामुळे गॅरेजमध्ये "डिस्क गेल्यात" असं ऐकलं की एकच प्रश्न विचारायचा. किती मिमी राहिलीय? जो मेकॅनिक मायक्रोमीटर लावून तीन-चार ठिकाणी मोजून आकडा दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नखाने कड चाचपून "गेली" म्हणणाऱ्याला मोजायला सांगा. आणि साधा व्हर्नियर कॅलिपर लावला असेल तर सावध. डिस्कच्या बाहेरच्या काठावर पॅड पोहोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते. व्हर्नियरची टोकं त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. इथे मालक नाही, डिस्कच मेकॅनिकला गंडवते.

जाडी मर्यादेच्या वर असली तरी आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे हिशेब. समजा, डिस्क 32.4 वर आहे. आज चालेल, पण नवे पॅड संपेपर्यंत ती 32 च्या खाली जाणार हे उघड आहे. मग मधेच पुन्हा सगळं खोलायचं आणि अर्धे वापरलेले पॅड नव्या डिस्कवर बसवायचे. त्यापेक्षा आताच बदललेली स्वस्त पडते.

दुसरी म्हणजे पृष्ठभाग. जुन्या डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडलेल्या असतात. जुने पॅड त्या रेघांना फिट बसलेले असतात, कारण दोघं सोबतच झिजलेत. नवा सपाट पॅड आणला की तो फक्त उंचवट्यांवर टेकतो. लागतोय सगळा पॅड असं वाटतं, प्रत्यक्षात काम करतो त्याचा थोडाच भाग. रेघा हलक्या असतील तर काही दिवसांत पॅड जुळवून घेतो. खोल असतील तर नाही. लेथवर घासून डिस्क सपाट करायची जुनी पद्धत आहे, पण जिच्याकडे मुळात 2 मिमीच होते तिला लेथवर चढवून हाती काय राहणार?

भोकं पाडलेल्या डिस्क असतील तर टॉर्च लावून भोकांच्या आजूबाजूला बघा. केसासारख्या बारीक रेषा तापण्या-थंड होण्याने येतात. त्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत पोहोचल्या किंवा काठाला भिडल्या की जाडी कितीही असो, डिस्क बाद. या भोकांचं मूळ काम होतं तापलेल्या पॅडमधून निघणारा वायू बाहेर जाऊ देणं. आजचे पॅड तेवढा वायू सोडत नाहीत. पावसात पाणी झटकायला त्यांचा उपयोग होतो, वजन थोडं कमी होतं आणि दिसतातही झकास. पण कायम ट्रॅकवर जाणारे लोक साध्या किंवा खाचा पाडलेल्या डिस्क घेतात, कारण तडा भोकापासूनच सुरू होतो.

कोणते पॅड घ्यायचे?

इथे इन्स्टाग्रामचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. "रेसिंग पॅड टाक, गाडी जागेवर थांबेल." रेसिंग पॅड बनवलेलेच असतात तापलेल्या अवस्थेसाठी. थंड असताना त्यातले काही पॅड साध्या पॅडपेक्षा वाईट थांबवतात. सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर सायकलवरचं पोर आलं, तर तुमचा ट्रॅकवाला पॅड अजून झोपेत असतो.

बऱ्याच पॅडच्या मागे किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ई-ई, एफ-एफ, जी-जी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती राहते ते. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर चढं आणि दुसरं उतरतं असेल, तर घाट उतरताना तो पॅड ढिला पडणार हे कागदावरच कळतं. दोन्ही अक्षरं सारखी असलेला पॅड रोजच्या वापराला बरा.

आणि पॅड-डिस्क नेहमी एका अॅक्सलची जोडी म्हणून बदलायचे. डावीकडचा जास्त झिजलाय म्हणून फक्त डावीकडचा बदलला, तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. एकाच बाजूचा पॅड जास्त झिजणं हीच मुळात तक्रार आहे. त्या बाजूचा पिस्टन अडकतोय का, ते आधी बघावं लागतं.

आता खरं काम

पद्धत कारनुसार बदलते. इथे 911 धरून चालू, मधे मधे माझदाच्या छोट्या एमएक्स-5 चा दाखला घेऊ. ही दोन सीटची कार भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, पण घरी स्वतः ब्रेक बदलणाऱ्यांची परदेशातली ती लाडकी गाडी आहे. हलकी, साधी आणि भाग स्वस्त. तिच्या पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या मॉडेलची पुढची डिस्क होती फक्त 235 मिमी, कारण थांबवायला वजनच हजार किलोच्या आत होतं.

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकनंतर लगेच स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. यावर चर्चा नको.

चाक निघालं की 911 चा कॅलिपर समोर येतो. तो फिक्स्ड प्रकारचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना पिस्टन आणि कॅलिपर स्वतः जागचा हलत नाही. साध्या कारमध्ये आणि एमएक्स-5 मध्ये कॅलिपर पिनवर सरकतो. सरकणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावणं हे अर्धं काम असतं, कारण पिन जाम झाली की एकच पॅड झिजतो. 911 मध्ये आधी पॅडमधल्या सेन्सरची वायर सोडवायची. ही वायर पॅडमध्ये ठरावीक खोलीवर असते. पॅड तिथपर्यंत झिजला की वायर तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावर गाडी आणली असेल तर सेन्सर नवा घ्यावा लागतो, आधीच आणली असेल तर जुना चालतो.

मग आडवी पिन ठोकून काढायची, पॅड बाहेर. नवे जाड पॅड आत जायला पिस्टन मागे ढकलावे लागतात. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. पिस्टन मागे गेले की तिथलं ब्रेक ऑइल पुढच्या टाकीत वर चढतं. मधल्या काळात कोणी "लेव्हल कमी आहे" म्हणून टाकी भरून ठेवली असेल तर ते ऊतू जातं आणि ब्रेक ऑइल पेंट खातं. स्पोर्ट्स कारच्या बॉनेटखालच्या रंगाला पडलेला डाग ब्रेकच्या बिलापेक्षा जास्त दुखतो. टाकीवर नजर ठेवायची, खाली कापड पसरायचं, जास्त झालं तर सिरिंजने काढून घ्यायचं.

मागच्या चाकांना वेगळा खेळ असतो. एमएक्स-5 च्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे. तो पिस्टन ढकलून मागे जात नाही, कॅलिपरच्या मागचा एक बोल्ट काढून आतला स्क्रू अॅलन कीने फिरवावा लागतो. हे माहीत नसलेले लोक क्लॅम्प लावून जोर करतात आणि कॅलिपर मोडून ठेवतात. 911 मध्ये हँडब्रेकसाठी मागच्या डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम ब्रेक दडवलेला आहे. हँडब्रेक ओढलेला असेल तर डिस्क निघणारच नाही, कितीही हातोडा मारा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या कारमध्ये आधी तो ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.

डिस्क काढायची तर कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो बाजूला घ्यायचा. बाजूला म्हणजे तारेने सस्पेन्शनला टांगायचा. होजवर लोंबकळत ठेवायचा नाही. त्या रबरी होजला आतून इजा झाली तर बाहेरून काही दिसत नाही आणि कधी फुटेल ते सांगता येत नाही. डिस्कला दोन छोटे स्क्रू असतात. वर्षानुवर्षं तापून हे स्क्रू असे जाम होतात की साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांचं डोकं गोल होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे हातोडीने ठोकला की फिरणारा ड्रायव्हर लागतो. गंमत म्हणजे या स्क्रूंवर ताकदीचं काम काहीच नसतं. डिस्कला खरं घट्ट धरतात ते चाकाचे बोल्ट.

आता जे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं ते. डिस्क निघाल्यावर मागे जो हब दिसतो, त्यावर गंज चढलेला असतो. तो वायर ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करायचा. गंजाचा एवढासा खवला नव्या डिस्कखाली राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. हबजवळचा हा बारीकसा तिरकेपणा बाहेरच्या काठावर मोठा होतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक म्हणतात डिस्कचा माल खराब होता.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. पुसल्यावर पॅडच्या किंवा डिस्कच्या घासणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही. जुन्या पॅडची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. आपल्याकडे सर्रास तेच करतात, पण ती धूळ बारीक असते आणि जाते थेट फुप्फुसात. ओल्या कापडाने पुसा, मास्क लावा.

काही स्पोर्ट्स कारच्या डिस्क आतून पोकळ असतात आणि आतले पंखे वक्र. डिस्क फिरताना ते मधून हवा ओढून बाहेर फेकतात. अशा डिस्कमध्ये डावी आणि उजवी वेगळी असते. बाहेरच्या खाचांची दिशा बघून डावी-उजवी ठरवणारे फसतात. पंखे बघायचे. त्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेली असली पाहिजेत. उलट बसवली तर ब्रेक लागतो, पण हवा नीट खेळत नाही आणि डिस्क तापत राहते.

बोल्ट घट्ट करताना टॉर्क रेंच वापरायचा. 911 च्या 997 पिढीला चाकाच्या बोल्टसाठी 130 न्यूटन-मीटर सांगितलंय, पुढच्या 991 ला 160. एकाच नावाच्या कारमध्ये पिढी बदलली की आकडा बदलतो, म्हणून आपल्याच कारचं मॅन्युअल बघायचं.

गाडी हलवण्याआधी

या संपूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पॅड बदलल्यावर गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेक पेडल अनेकदा दाबा, ते कडक होईपर्यंत.

कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत. पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ खाली जमिनीला टेकतं आणि ब्रेक लागत नाही. दोन-तीन-चार वेळा दाबल्यावर पिस्टन पुढे येतात आणि पेडल मूळ जागी येतं. हे विसरून लोक रिव्हर्स टाकतात आणि गॅरेजच्या शटरला किंवा मागे उभ्या माणसाला धडकतात. काम शंभर टक्के बरोबर झालेलं असतं, फक्त पेडल दाबायचं राहिलेलं असतं.

पुढचं अर्धं काम रस्त्यावर

नवे पॅड आणि नव्या डिस्क बसवल्या म्हणजे ब्रेक तयार झाले असं नाही. पॅड डिस्कला नुसता घासून थांबवत नाही. तापल्यावर पॅडच्या मसाल्याचा एक पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या थराला धरतो. हा थर एकसारखा बसवण्याला बेडिंग म्हणतात.

पद्धत पॅडच्या खोक्यावर लिहिलेली असते आणि तीच पाळायची. साधारण कल्पना अशी. मध्यम वेगातून नेमका दाब देत वेग खूप कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा तसंच. आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. पूर्ण का थांबायचं नाही? तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथे मसाल्याचा जाड ठसा उमटतो. पुढे प्रत्येक फेरीत तो ठसा पॅडखाली आला की धक्का बसतो. "डिस्क वाकडी झालीय" म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच डिस्क वाकड्या नसतातच, त्यांच्यावर असे ठसे असतात.

हे करायला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ही जागा नाही. मागून ट्रक येत असताना विनाकारण आठ वेळा ब्रेक मारणं म्हणजे स्वतःहून अपघात बोलावणं. पहाटेचा रिकामा रस्ता हवा, तोही कायद्याच्या वेगात. ते जमणार नसेल तर दुसरा मार्ग आहे. पोर्शे स्वतः सांगते की नवे पॅड पहिले सुमारे 200 किलोमीटर सांभाळून वापरा, तोवर त्यांची पूर्ण पकड येत नाही. हळू बसतात, पण बसतात. गॅरेजमधून निघून थेट लोणावळा गाठायचा बेत असेल तर तो आठवडाभर पुढे ढकला.

पॅड नवे, ऑइल जुनं

ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते खरं तर ऑइल नाही. चुकून त्यात खरं ऑइल गेलं तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा बाद होते. हा द्रव हवेतली ओल शोषतो. मुंबई-कोकणातला पावसाळा आठवा, म्हणजे किती ओल ते कळेल. डॉट 4 प्रकारचा द्रव ताजा असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या डॉट 4 साठी हीच मर्यादा 155 अंश धरलेली आहे. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180.

द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजसारखं होतं आणि खाली जातं. पॅड तापून पकड सोडतात तेव्हा उलट होतं. पेडल कडक असतं, पण गाडी थांबत नाही. दोन वेगळे आजार आहेत, उपाय वेगळे. बोरघाट उतरताना अवजड ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात, त्यामागेही उष्णताच असते. म्हणूनच उतारावर खालचा गिअर ठेवा म्हणतात. घाट उतरून आल्यावर चाकांवर गार पाणी मारायची सवय मात्र सोडा, तापलेल्या लोखंडाला अचानक गार करणं त्याला मानवत नाही.

द्रव दर दोन वर्षांनी बदलायचा असं बऱ्याच कंपन्या सांगतात. पॅड-डिस्कचं काम निघालंच आहे तर तेव्हाच बदलून घ्यावा. 911 च्या प्रत्येक कॅलिपरला हवा काढायचे दोन निपल असतात, आत एक आणि बाहेर एक. आतला अवघड जागी असल्याने राहून जातो. गॅरेजला आठवण करून दिलेली बरी.

सिरॅमिकचं वेगळंच प्रकरण

पोर्शेने 2001 साली 911 जीटी2 ला कार्बन-सिरॅमिक डिस्क दिल्या. लोखंडापेक्षा साधारण निम्म्या वजनाच्या. पोर्शेत त्या ओळखायच्या असतील तर कॅलिपर पिवळा आहे का बघा. पर्याय म्हणून त्या घेतल्या तर अमेरिकेत 911 च्या किमतीत हजारो डॉलरची भर पडते. आपल्याकडे तेवढ्यात छोटी हॅचबॅक येते.

या डिस्क लोखंडासारख्या जाडीने झिजत नाहीत. त्या आतून जळत जातात आणि हलक्या होतात. त्यामुळे जाडी मोजून फारसं कळत नाही, वजन करावं लागतं. डिस्कवर किमान वजनच कोरलेलं असतं. सेकंडहँड सुपरकार घेणाऱ्याने हा तपास आधी करून घ्यावा, कारण सौद्यात वाचवलेले पैसे चार डिस्कमध्ये जाऊ शकतात. चाक काढतानाही जपावं लागतं. जड चाक निसटून डिस्कच्या काठावर आपटलं तर टवका उडतो. म्हणून बोल्टच्या जागी लांब पिना लावून चाक त्यावरून सरळ बाहेर ओढतात. हा त्रास नको म्हणून ट्रॅकवर नेहमी जाणारे कित्येक मालक सिरॅमिक काढून कपाटात ठेवतात आणि लोखंडी डिस्क लावतात.

आणि हो, यात पुण्याचाही धागा आहे. जगभरातल्या स्पोर्ट्स कारच्या कॅलिपरवर ज्या ब्रेम्बोचं नाव दिसतं, त्या इटालियन कंपनीचा कारखाना पुण्यात आहे. तिथे दुचाकींचे ब्रेक बनतात. केटीएम ड्यूकच्या कॅलिपरवर "बायब्रे" लिहिलेलं असतं, ते "बाय ब्रेम्बो"चंच छोटं रूप. पॅड, डिस्क, किमान जाडी, जुना द्रव, हे सगळं त्या ड्यूकलाही तसंच लागू आहे, फक्त आकडे लहान.

शेवटी आवाजाबद्दल, कारण नवे ब्रेक टाकल्यावर पहिला फोन त्याचाच जातो. पावसात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिला ब्रेक खरखरला तर घाबरू नका, डिस्कवर आलेला तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. ट्रॅकचे पॅड टाकले असतील तर सिग्नलवर ते किंचाळणारच, त्यांचा स्वभावच तसा. पण साधे पॅड असूनही ब्रेक मारल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल आणि तो जात नसेल, तर पॅडचा मसाला संपून मागची स्टीलची पट्टी डिस्क खातेय. मग मायक्रोमीटर लावायचीही गरज उरत नाही.